वजनकाटा, पाव आणि पाळीचा रस्ता

वजनाबद्दल आपल्याकडे एकच शिकवण आहे: कमी खा, जास्त हल. घरात आई सांगते, दुकानावर बसलेले काका सांगतात, लग्नात भेटलेली मावशी तर गालाला चिमटा काढून सांगते. यात खोटं काही नाही. पण कुठे हलायचं आणि काय खायचं हे प्रत्येकाच्या हातात सारखंच आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. माझ्या गावाकडे बघितलं की ते गृहीतक टिकत नाही.

गाव पाळी, तालुका डिचोली. (महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना गावाचं नाव सांगितलं की आधी दचकतात, मग हसतात. आता सवय झालीय.) पाळी, कोठंबी, वेळगे हा सगळा खाणपट्टा. मी तिसरी-चौथीत असेपर्यंत रस्ता माणसांचा नव्हताच, तो ट्रकांचा होता. खनिज भरलेले ट्रक एकामागून एक मांडवीकाठच्या धक्क्यांकडे जायचे आणि तिथून माल बार्जमध्ये भरून मुरगावला. झाडांची पानं लाल, घरांची कौलं लाल, वाळत घातलेले कपडेही लाल. अशा रस्त्यावर कोणते आईबाप मुलाला सायकल देतील? शाळा चालत जाण्याएवढ्या अंतरावर असली तरी मुलाला स्कूटरच्या मागे बसवून सोडणं हाच शहाणपणा होता. संध्याकाळी धुळीत खेळू नको, खोकला होईल, हेही बरोबरच होतं.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चात खाणी पुन्हा थंड पडल्या. या काळात रस्ता कधी मोकळा झाला, कधी भरला. पण एक पिढी स्कूटरवर शाळेत गेली ती गेली. रस्ता मोकळा झाला म्हणून चालायची सवय आपोआप परत येत नाही. शिवाय ट्रक थांबले तेव्हा कित्येक घरांतले हप्ते थांबले नव्हते. त्या दिवसांत खर्चाची पहिली काटछाट फळं-मासळीवर झाली, साखर-मैद्यावर नाही. पोट स्वस्तात भरतं ते साखर-मैद्यानेच.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 24 टक्के स्त्रियांचा बीएमआय 25 किंवा जास्त निघाला. गोव्यात हे प्रमाण तिनांत एकीहून अधिक आहे. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासात (प्रसिद्धी 2023) मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यातच सापडलं, 26.4 टक्के. हे सगळे प्रौढांचे आकडे, पण सवयी लागतात त्या आमच्या वयात.

मात्र बीएमआय हा अर्धवट साक्षीदार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळं इंग्लंडातल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीदार’ असं हे बाळ. आईच्या पोटात कमी मिळालेलं शरीर पुढे भरपूर साखर-तेलाच्या जगात वाढलं की मधुमेहाकडे लवकर झुकतं. म्हणून भारतीय डॉक्टर 25 ऐवजी 23 लाच जादा वजन म्हणतात. याचा अर्थ असा की वर्गातली काटकुळी मुलगी सुरक्षित आणि गुबगुबीत मुलगी दोषी, ही वाटणीच कच्ची आहे. वजनाची गोष्ट आजीच्या ताटापासून सुरू होते.

आजीचं ताट म्हणजे दहा वाजताची उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला लोणचं नाहीतर सुकं बांगड्याचं तुकडं. वायंगणाच्या शेतात अळसांदे, मिरच्या, लाल भाजी. पावसात डंपांवरची माती वाहून शेतात आली, शेतं पडीक राहिली आणि त्यांच्याबरोबर ही भाजी बाजारातून विकत घेण्याची वस्तू झाली. माझी सकाळ बसने ठरते. पावणेसातला निघायचं तर पेज कोण शिजवणार? पोदेराचा भोंगा वाजतो, पाव दारात येतो. नाहीतर हॉटेलात पातळभाजी-पाव-मिरची, पाच मिनिटांत. पावाला मी नावं ठेवणार नाही, आम्हा किरिस्तांवांच्या घरात तर नाहीच. पण कोंडा असलेली पोयी आणि मैद्याचा पाव यांत फरक आहे, आणि दोन्ही वेळा पाव अधिक एक थंड पेय यांत तर फारच. 250 मिलीच्या बाटलीत सुमारे 26 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहायला सुचवते. म्हणजे दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला!

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा 2020 चा नियम आहे. तुमच्या शाळेसमोरचा गाडा आठवा आणि हसा.

मग माणसं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या 12,067 लोकांच्या 32 वर्षांच्या नोंदींवरून 2007 मध्ये क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी दाखवलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. यावर वाद झाले. मित्रामुळे झालं की दोघं एकाच हॉटेलात बसत होते म्हणून, हा प्रश्न रास्तच आहे. पण मला त्यात आपलं कॅन्टीन दिसतं. सगळ्यांनी सामोसा घेतला तर एकटी डबा उघडायला लाजते.

लाज हाच खरा मुद्दा. माझ्या मावसबहिणीच्या शाळेत वजन तपासलं तेव्हा आकडा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचला गेला. ती अकरा वर्षांची. पुढचा आठवडाभर ती जेवायची नाही, मग रात्री उठून बिस्किटांचा पुडा संपवायची. खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणून बाकावर बसू लागली, कारण धावताना मुलं बघतात. तिचं हे वागणं जगावेगळं नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 2,379 मुलींची नोंद आहे. दहाव्या वर्षी ज्यांना घरच्यांनी किंवा इतर कुणी ‘फार जाडी’ म्हटलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त निघाली, सुरुवातीचं वजन हिशेबात धरूनही. म्हणजे मावशीचा गालाचा चिमटा औषध नाहीच, उलट दुखणं वाढवणारा आहे. आमच्याकडे ‘सुटलीस गो!’ हे नमस्काराच्या जागी म्हणतात. ते प्रेमाने असतं, मला ठाऊक आहे. ऐकणारीला ते प्रेम पचवायला जड जातं, एवढंच.

आणि मुलींचं हलणं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं घाम येईलसं खेळावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावातल्या मैदानावर संध्याकाळी क्रिकेट असतं. मुली कडेने दोन फेऱ्या मारतात आणि दिवे लागायच्या आत घरी. पी.टी.चा तास दहावीत गणिताकडे जातो. ग्रामसभेत रस्त्याचं डांबर आणि नळाचं पाणी यांवर तासभर बोलतात. रस्त्याच्या कडेने चालायला पट्टा, मैदानावर मुलींसाठी ठरलेली वेळ आणि दिवा, शाळेसमोरचा गाडा 50 मीटर पलीकडे, या मागण्या तिथेच मांडता येतात, कारण ग्रामसभेत बसायचा हक्क अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराला आहे. शाळेच्या वजनकाट्याभोवती एक पडदा लावा, हे मात्र पालक-शिक्षक सभेत सांगावं लागेल. त्याला निधीही लागत नाही, जुनी चादर चालेल.