काचेआडची वज्री

पुण्याच्या इतक्या जवळ राहून तेथील संग्रहालय पाहिलें नाहीं हें सांगण्याची कोणासही लाज वाटावी. परंतु दिघीस येऊन आम्हांला अकरा वर्षें झालीं तरी माझी गत तीच होती. आषाढी वारीला माउलींची पालखी आळंदीहून निघून आमच्या गांवावरून पुण्यास जाते, तेव्हां दर्शनाला जावें. लग्नमुंजीच्या खरेदीपुरतें शहर गांठावें, आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, इतकेंच. शेवटीं गेल्या मार्गशीर्षांत शेजारच्या तिघी मैत्रिणींनीं बेत ठरविला, आणि एका सकाळीं आम्ही चौघी डबे बांधून बसनें निघालों व बाजीराव रस्त्यावर उतरलों.

शुक्रवार पेठेंतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणजे कोणा संस्थानिकाचा ठेवा, अशी माझी समजूत होती. ती किती चुकीची! दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांचे व्यापारी, आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे रसिक. ‘राजा’ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो सातव्या वर्षीं गेला, आणि आपल्या संग्रहाला त्यांनीं त्याचें नांव दिलें. पत्नी कमलाबाई यांच्या साथीनें, पदरमोड करून, गांवोगांव हिंडून त्यांनीं वीस हजारांवर वस्तु जमविल्या, आणि पुढें तें सारें धन शासनाच्या स्वाधीन केलें.

आंत गेल्यावर चौघींच्या चार वाटा झाल्या. एक गाणें शिकलेली. ती वाद्यांच्या दालनांतून हलेना. दुसरी अडकित्त्यांपाशीं रमली. सुपारी कातरण्याच्या साध्या हत्यारालाही कारागिरानें इतके घाट द्यावे, याचें तिला हंसूं येई आणि नवलही वाटे. तिसरीला कोथरुडाहून आणून येथें पुन्हां उभारलेला मस्तानीचा महाल पाहावयाचा होता. मी मात्र एका काचेच्या कपाटापुढें थबकलें तें थबकलेंच.

आंत वज्र्या मांडलेल्या होत्या. आजच्या मुलींना हा शब्द सांगावा लागेल. स्नानाच्या वेळीं पायांच्या टांचा घासण्याचें हें साधन. खालचा भाग खरखरीत, आणि वर धरावयाला एखादा पक्षी किंवा प्राणी. टांच घासावयाची, ती जमिनीवरची वस्तु. पण तिच्यावरही कोणी तरी मन लावून पक्षी घडविला होता!

अशीच एक पितळेची वज्री आमच्या सासूबाईंजवळ होती. ती त्यांच्या आईची. पेठेंतला वाडा सोडून दिघीस येतांना जागेची अडचण म्हणून मीं तांब्यापितळेचें एक पोतें मोडीच्या दुकानीं वजनावर घातलें. “त्यांत माझी वज्री गेली का गं?” असें त्यांनीं एकदांच विचारलें होतें. “जाऊं द्या आई, आतां दगड मिळतो बाजारांत,” असें मीं उत्तर दिलें, आणि तो विषय तेथेंच संपला. निदान माझ्यापुरता तरी संपला होता. काचेपुढें उभी असतांना तें माझें उत्तर मला शब्दन् शब्द आठवलें.

संध्याकाळीं घरीं आल्यावर मीं सासूबाईंना सारें सांगितलें, आणि चुकलें असेंही म्हटलें. त्या रागावल्या नाहींत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “तिच्या पोटांत खडे होते. घासतांना वाजायचे. आई न्हाणीघरांत आहे हें आम्हां पोरांना त्या आवाजावरून कळायचें.”

संग्रहालयांतल्या कोणत्याही पाटीवर हें लिहिलेलें नव्हतें. लिहिणार तरी कोण? वस्तु कोठली, कशाची, किती जुनी, एवढें जाणता मनुष्य सांगूं शकतो. पण तिचा आवाज कोणत्या मुलांना धीर देत असे, हें घरचेंच माणूस सांगेल, आणि तें गेलें कीं तेंही गेलें. केळकरांना आपलें मूल राखतां आलें नाहीं. परंतु त्यांनीं त्याचें नांव असें राखलें कीं आज कोणीही परका मनुष्य तें उच्चारल्यावांचून त्या दारांत शिरूं शकत नाहीं. मला तर वस्तु होती, माणूसही होतें, आणि विचारावयाला सवड नव्हती!

माझ्या धाकट्या मुलीनें आतां एक वही घातली आहे. आजीच्या जवळ उरलेल्या वस्तूंचीं नांवें ती तींत लिहिते. कोणी दिली, कशाला वापरली, हेंही विचारून घेते. पहिल्या पानावर वज्री आहे, ती घरांत नसली तरी. सासूबाईंच्या गुडघ्यांना बसचा प्रवास सोसत नाहीं, म्हणून चैत्रांत मोटार करून त्यांना तें कपाट दाखवावयाचें ठरलें आहे. वाचकभगिनींना एवढेंच सुचवावेंसें वाटतें: दिवाळीपूर्वीं माळा आवरतांना घरांतील वडील माणसाला शेजारीं बसवून घ्या. मोडीचें पोतें मग खुशाल भरा; परंतु त्यांना विचारल्याखेरीज त्याचें तोंड बांधूं नका.