मिश्र युद्धकलेतील प्रहारतंत्र : अंतर आणि अचूक वेळ यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

मिक्स्ड मार्शल आर्ट्स अर्थात मिश्र युद्धकला हा मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग, मुए थाई, कुस्ती, जुजुत्सू इत्यादी प्रकारांच्या संयोगातून घडलेला क्रीडाप्रकार होय. या खेळातील ठोसे आणि लाथा पाहताना सर्वसामान्य प्रेक्षकाचे लक्ष प्रहाराच्या जोराकडे जाते. नवोदित खेळाडूही बहुधा जोर वाढविण्याच्याच मागे असतो. वास्तविक प्रहार किती जोराचा होता यापेक्षा तो लागण्याजोगी स्थिती कशी निर्माण झाली, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. अंतर आणि वेळ ही दोन स्वतंत्र कौशल्ये म्हणून शिकविली जातात. प्रस्तुत लेखात मात्र ती एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, अशी मांडणी केली आहे.

अंतर हे वेळेचेच माप :

डोळ्यांना दिसलेल्या साध्या संकेताला हालचालीने प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. संभाव्य पर्यायांची संख्या वाढली की हा काळ वाढत जातो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांद्वारे दाखवून दिले. हाताच्या पल्ल्यातून निघालेला वेगवान ठोसा जवळपास तेवढ्याच वेळात लक्ष्यावर पोचतो. साहजिकच त्या पल्ल्यात उभे राहून ‘ठोसा दिसला की चुकवू’ असे म्हणणे व्यर्थ ठरते. याउलट, आपण पल्ल्याच्या अर्धे पाऊल बाहेर उभे असलो, तर प्रतिस्पर्ध्याला प्रथम पाऊल पुढे टाकावे लागते. ते पाऊल म्हणजे आपल्याला मिळालेली पूर्वसूचना होय. अर्ध्या पावलाचे अंतर म्हणजे पदरात पडलेला सेकंदाचा काही अंश, आणि तेवढा पुरेसा असतो.

मराठी वाचकाला हे तत्त्व अपरिचित नाही. कबड्डीतील चढाई करणारा खेळाडू बचावपटूच्या हाताच्या किंचित पलीकडे वावरतो, हुलकावणी देतो आणि बचावपटू झेपावला की त्याच क्षणी त्याला टिपतो. जपानी कराटे व केंडो या विद्यांमध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांमधील या अवकाशाला ‘मा-आई’ अशी संज्ञा आहे. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला सुरू होत असतानाच त्यात घुसून केलेला प्रहार ‘सेन नो सेन’, तर हल्ला निष्प्रभ करून मग केलेला प्रहार ‘गो नो सेन’ म्हणून ओळखला जातो. शोतोकान कराटेच्या परंपरेत वाढलेला ब्राझीलचा लियोतो माचिदा याने २००९ मध्ये रशाद एव्हान्सला नमवून यूएफसी या संघटनेचे लाइट हेवीवेट विजेतेपद मिळविले, ते याच पद्धतीने : लांब उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्याला पुढे येण्यास भाग पाडायचे आणि तो येत असताना गाठायचे.

मिश्र युद्धकलेतील विशेष अडचण :

मुष्टियुद्धात सांभाळावयाचे अंतर मुख्यतः मुठीचे असते. येथे लाथेचा, ठोशाचा, कोपर-गुडघ्याचा आणि पायांत शिरून खाली पाडण्याचा, असे अनेक पल्ले एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. शिवाय येथील हातमोजे साधारणतः चार औंसांचे असतात. मुष्टियुद्धातील आठ-दहा औंसांच्या मोज्यांआड चेहरा जसा झाकता येतो, तसा तो येथे झाकता येत नाही. त्यामुळे बचावाचा बराचसा भार हातांवरून पायांवर येतो.

पाडले जाण्याची धास्ती वेळेचे गणितही बदलते. डिसेंबर २०१० मध्ये मॉन्ट्रियल येथे जॉर्ज सेंट-पिएरने जॉश कॉशचेकविरुद्धची लढत प्रामुख्याने जॅबच्या बळावर जिंकली. या लढतीत कॉशचेकच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. कॉशचेक हा अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचा माजी विजेता. तरीही सेंट-पिएरच्या पट काढण्याच्या कौशल्याकडे दुर्लक्ष करणे त्याला परवडणारे नव्हते. समोरच्याचा खांदा हलला की ठोसा येणार की तो पायांत शिरणार, हे ठरविण्यातच क्षण निघून जातो. हिक यांचा सिद्धान्त येथे प्रत्यक्षात दिसतो : पर्याय वाढविणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला संथ करणे. हूल देण्याचे प्रयोजनही हेच.

तेरा सेकंदांची लढत :

१२ डिसेंबर २०१५ रोजी लास व्हेगास येथे कॉनर मॅकग्रेगरने जोसे आल्डोला अवघ्या १३ सेकंदांत चीत केले. आल्डो त्यापूर्वी दहा वर्षे अपराजित होता. अनेकांनी या निकालाची बोळवण ‘एक सुदैवी ठोसा’ म्हणून केली. ते योग्य वाटत नाही. मॅकग्रेगर डावखुऱ्या पवित्र्यात, मध्यभाग व्यापून उभा होता. आल्डोला त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी मोठी झेप घ्यावी लागणार, एवढे अंतर त्याने राखले होते. आल्डो झेपावला त्याच क्षणी मॅकग्रेगर किंचित मागे सरला आणि मागे सरतानाच त्याचा सरळ डावा ठोसा आल्डोच्या हनुवटीवर बसला. आल्डोचा डावा हुकही त्याला लागला, पण क्षणभर उशिरा. झेपावणाऱ्या शरीराचा वेग येणाऱ्या मुठीच्या वेगात मिळतो, आणि स्वतः प्रहार करण्यात गुंतलेल्या माणसाची मान आघातासाठी सावध नसते. म्हणून मागे जाताना मारलेला, दिसायला बेताचा ठोसाही निर्णायक ठरतो. नेमकेपणा ताकदीवर आणि साधलेली वेळ वेगावर मात करते, अशा आशयाचे उद्गार लढतीनंतर मॅकग्रेगरने काढले. त्याच्या अनेक बढायांपैकी हे विधान तरी यांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे.

अंतर सुटले की :

अँडरसन सिल्व्हा हा या विद्येचा कदाचित सर्वांत मोठा कलावंत. ऑगस्ट २००९ मध्ये फिलाडेल्फिया येथे फॉरेस्ट ग्रिफिनला त्याने मागे सरकता सरकता मारलेल्या साध्या जॅबने आडवे केले. मात्र ६ जुलै २०१३ रोजी ख्रिस वाइडमनसमोर तोच सिल्व्हा हात खाली सोडून, पाय जागीच रोवून, केवळ कमरेतून मागे झुकत राहिला. कमरेतून मागे झुकून मिळणारे अंतर एकदाच वापरता येते. पाऊल मागे टाकल्यास पुन्हा दुसरे टाकता येते. वाइडमनने ठोसे थांबविले नाहीत, आणि झुकण्याची मर्यादा संपल्यावर त्याचा डावा हुक लागला. सिल्व्हा तेव्हा ३८ वर्षांचा होता. वयाबरोबर प्रतिसादाचा काळ वाढतो, तेव्हा राखावयाचे अंतरही वाढवावे लागते.

प्रशिक्षणातील परिणाम :

टांगलेल्या जड बॅगेवरील सराव ताकद देतो, परंतु बॅग मागे सरत नाही, हूल देत नाही आणि उलट मारीत नाही. केवळ तिच्यावर घडलेला खेळाडू समोरच्या माणसाच्या पल्ल्यात निष्काळजीपणे उभा राहतो आणि दोन ठोसे मारण्यासाठी तीन खातो. डोक्यावरील वारंवार आघात मेंदूला कायमची इजा पोचवू शकतात, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ जय-पराजयाचा राहत नाही. यासाठी जोडीदाराबरोबर प्रहार न करता, केवळ पावलांनी अंतर राखण्याचा सराव आधी घ्यावा. त्यानंतर एकाने फक्त जॅब मारावा व दुसऱ्याने फक्त सरकावे. हलक्या हाताने, डोक्याऐवजी खांद्याला स्पर्श करण्यापुरता सराव त्यापुढील टप्प्यात यावा. पूर्ण जोराच्या सरावलढती अगदी शेवटी, आणि त्याही मोजक्याच.