जुने जेट विमान : घ्यायला स्वस्त, पोसायला महाग

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक आहे. जुना ट्रॅक्टर, जुने ऑइल इंजिन, जुनी मोटारसायकल घेणाऱ्याला घरातली वडीलधारी माणसे ही म्हण हमखास ऐकवतात. पण ही म्हण आकाशात उडणाऱ्या जेट विमानालाही तंतोतंत लागू पडते, हे वाचून काहींना नवल वाटेल. अमेरिकेत अशी जुनी, खाजगी जेट विमाने विकत घेऊन बाळगणारी आणि स्वतः उडवणारी हौशी मंडळी आहेत. त्यांचा जमाखर्च पाहिला तर यंत्र घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यातून काही शिकता येण्यासारखे आहे.

गव्हाच्या मुलखातले कारखाने

या विमानांना ‘बिझिनेस जेट’ म्हणतात. कारखानदार, व्यापारी यांना कामासाठी झटपट ये-जा करता यावी म्हणून बनवलेले हे सहा-आठ माणसांचे छोटे जेट. त्यांचे माहेर म्हणजे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातले विचिटा शहर. चहूकडे गव्हाची शेते आणि मधोमध विमानांचे कारखाने, असे हे गाव आहे. तिथल्या सेसना कंपनीचे संस्थापक क्लाइड सेसना हे कॅन्ससमध्ये वाढलेले शेतकऱ्याचे पुत्र. शेतीची यंत्रे दुरुस्त करता करता ते १९११ साली विमान बांधायला व उडवायला शिकले. १९२७ साली त्यांनी कंपनी काढली आणि १९३६ साली ती भाच्यांच्या हाती सोपवून ते पुन्हा शेतीकडे वळले.

याच गावात बिल लिअर नावाच्या, आठवीपर्यंतच शाळा शिकलेल्या कल्पक माणसाने ‘लिअरजेट’ बनवले. स्वित्झर्लंडच्या एका लढाऊ विमानाच्या पंखांवरून त्याने आपल्या विमानाचे पंख बेतले. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लिअरजेट २३ ने पहिले उड्डाण केले. त्याचे इंजिन म्हणजे एका लष्करी इंजिनाचे मुलकी रूप होते. १९६६ च्या मे महिन्यात लिअरजेट २४ या पुढच्या विमानाने सुमारे ६५ तास ४० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. सेसना कंपनीचे ‘सायटेशन’ हे जेट १९६९ साली प्रथम उडाले. ते लिअरजेटपेक्षा हळू, पण चालवायला सोपे आणि आखूड धावपट्टीवर उतरणारे होते.

किंमत का उतरली?

पहिले सायटेशन १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे सात लाख डॉलरला मिळत असे. त्यानंतर डॉलरची किंमत पुष्कळ घसरली. तरीही त्या काळातले जुने सायटेशन किंवा लिअरजेट आज त्याहून कमी डॉलरांत मिळू शकते. चार माणसांचे, एका पंख्याचे कोरे विमान घ्यायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात जुने जेट दारात उभे राहते. हौशी माणूस भुलतो तो इथेच.

पण माल स्वस्त आहे तो का स्वस्त आहे, हे आधी विचारावे. पहिले कारण इंधन. लिअरजेट २३, २४ व २५ यांची इंजिने जुन्या पद्धतीची. त्यांत शिरलेली सगळी हवा आगीतून जाते आणि प्रचंड वेगाने मागे फेकली जाते. नव्या पद्धतीच्या इंजिनात पुढे मोठा पंखा असतो. बरीचशी हवा आगीच्या बाहेरूनच मागे ढकलली जाते. त्यामुळे तेवढ्याच कामाला इंधन कमी लागते आणि आवाजही कमी होतो. जुनी लिअरजेट ताशी २०० गॅलनांहून अधिक इंधन पितात, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. नांगरटीला ताशी पाच लिटर डिझेल धरले, तर एका ट्रॅक्टरला दीडशे तास पुरेल एवढे इंधन हे विमान एका तासात संपवते. हे इंधन आपल्या रॉकेलच्याच जातीचे असते, फक्त जास्त काटेकोरपणे शुद्ध केलेले.

दुसरे कारण आवाज. अमेरिकेने कायदा केला, की ७५,००० पौंडांपर्यंत वजनाची, जुन्या मापाचा मोठा आवाज करणारी जेट विमाने २०१५ च्या अखेरीनंतर देशाच्या मुख्य भागात उडवू नयेत. ज्यांना उडवायची होती त्यांना इंजिनाला आवाज कमी करणारी जोडणी बसवावी लागली. ज्यांना तो खर्च झेपला नाही, त्यांची विमाने जमिनीवरच राहिली.

तिसरे कारण उंचीचे. जेट जितके उंच उडेल तितकी हवा विरळ आणि इंधनाची बचत जास्त. २० जानेवारी २००५ पासून अमेरिकेत २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात, एकावर एक उडणाऱ्या विमानांमधले अंतर दोन हजारांवरून एक हजार फूट करण्यात आले. त्यासाठी उंची मोजणारी उपकरणे अगदी बिनचूक असावी लागतात. ती बसवली नाहीत तर सहसा २९,००० फुटांच्या खालीच राहावे लागते. तिथे हवा दाट, म्हणून आधीच खादाड असलेले इंजिन आणखी पिते. पुढे १ जानेवारी २०२० पासून विमानाने आपला ठावठिकाणा सतत कळवत राहावा, असा नियम बहुतेक गजबजलेल्या हवाईपट्ट्यांत लागू झाला. म्हणजे आणखी एक यंत्र, आणखी एक खर्च. नियम बदलतात तेव्हा नवी विमाने ते घेऊनच जन्माला येतात. जुन्यांना ते पदरमोड करून शिकवावे लागतात.

दावणीला बांधले तरी वैरण लागते

बैल औताला जुंपला काय आणि दावणीला बांधला काय, वैरण खातोच. जुन्या जेटचेही तसेच. ते वर्षभर उडाले नाही तरी हँगरचे भाडे, विमा आणि ठराविक मुदतीच्या तपासण्या चुकत नाहीत. काही तपासण्या उड्डाणाच्या तासांवर असतात, तर काही निव्वळ तारखेवर. हा बांधीव खर्च वर्षाला शंभर तासांवर वाटला तर एका तासाला जेवढा पडतो, त्याच्या पाचपट वीस तासांवर वाटला तर पडतो. म्हणून ‘जास्त उडवणार नाही, त्यामुळे खर्च बेताचा होईल’ हा हिशेब फसवा ठरतो.

शिवाय उभे राहून यंत्र बिघडते ते वेगळेच. रबराची सीले सुकतात, तारांच्या जोडांवर गंज धरतो. एक गोष्ट तर आपल्याला ओळखीची वाटेल. इंधनाच्या टाकीत हवेतला ओलावा साचून तळाशी पाणी जमते आणि त्या पाण्याच्या व रॉकेलच्या सांध्यावर चक्क बुरशी वाढते. ती गाळण्या तुंबवते, टाकीचे ॲल्युमिनियम खाते. साठवणीच्या धान्यात ओल राहू देऊ नये, हा धडा इथेही तोच आहे. त्यासाठी टाकीतले पाणी वरचेवर काढावे लागते आणि इंधनात औषधही घालावे लागते.

रंग पाहू नका, वही पाहा

जनावर घेताना आपण दात पाहतो. विमान घेताना जाणकार नोंदवही पाहतो. ज्याला लॉगबुक म्हणतात, त्यात पहिल्या दिवसापासूनचे उड्डाणाचे तास, बदललेले भाग, केलेल्या दुरुस्त्या लिहिलेल्या असतात. इंजिनात फिरणाऱ्या काही चकत्यांना ठराविक फेऱ्यांचेच आयुष्य असते. ते संपले की चकती दिसायला कितीही धडधाकट असो, ती काढून टाकावीच लागते. किती आयुष्य उरले ते वहीच सांगते. वहीची पाने हरवली, तर भाग चांगला असूनही तो मोजता येत नाही आणि विमानाची किंमत कोसळते.

तासांइतकेच महत्त्व उड्डाणांच्या संख्येला असते. उंचावर माणसांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुग्यासारखे किंचित ताणले जाते आणि उतरताना सैल पडते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हा धातूही थकतो. बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, उपकरणाने शोधाव्या लागतात.

या बाबतीत एका विमानाची कथा बोलकी आहे. प्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्ले याने १९७६ साली एक चार इंजिनांचे ‘जेटस्टार’ ८,४०,००० डॉलरला घेतले होते. आत लाल मखमलीच्या खुर्च्या होत्या. पुढे ते न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल इथल्या वाळवंटात अनेक दशके उभेच राहिले. २०१७ साली लिलावात त्याला ४,३०,००० डॉलर आले, तर जानेवारी २०२३ मध्ये २,६०,००० डॉलर. इंजिने केव्हाच निघून गेली होती. नव्या मालकाने ते उडवण्याचा नाद न धरता त्याचे अंग चाकांवर चढवून रस्त्यावरून फिरणारे घर बनवले. नाव मोठ्या माणसाचे असले म्हणून विमान उडत नाही.

चालवणाराही तयार हवा

ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. विमानाला बांध नसतो. म्हणून अमेरिकेत प्रत्येक जातीच्या जेटसाठी वैमानिकाला वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि दरवर्षी पुन्हा कसोटीला उतरावे लागते. लिअरजेटला दोन वैमानिक लागतातच. सायटेशनचा एक प्रकार एकट्या वैमानिकाने चालवण्याची परवानगी १९७७ पासून मिळाली, म्हणून मालक-वैमानिकांचा ओढा तिकडे जास्त. पहिल्या लिअरजेटचे सुरुवातीच्या वर्षांत अपघात पुष्कळ झाले. पंख्याच्या संथ विमानांवर हात बसलेल्या वैमानिकांना तो वेग नवा होता.

२५ ऑक्टोबर १९९९ ची घटना तर विसरता येण्यासारखी नाही. गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांना घेऊन जाणाऱ्या, १९७६ साली बनलेल्या लिअरजेट ३५ मधला हवेचा दाब गेला. आतली सहाही माणसे बेशुद्ध पडली. विमान आपोआप सुमारे चार तास उडत राहिले आणि इंधन संपल्यावर साउथ डकोटा राज्यातल्या एका शेतात कोसळले. वैमानिकांना वेळेवर प्राणवायू मिळाला नाही, एवढे चौकशीत ठरले. दाब का गेला, ते कळले नाही. तेव्हा दोष विमानाच्या वयावर ढकलता येत नाही. पण प्राणवायूची बाटली भरलेली आहे का, झडप उघडी आहे का, हे प्रत्येक उड्डाणाआधी हाताने पाहण्याची शिस्त का लागते, ते यावरून समजते. या तपासणीत काटकसर करून वाचवलेला पैसा हा वाचलेला पैसा नव्हे.

मग लोक घेतात तरी का?

हौसेला मोल नाही. शिवाय ही विमाने म्हणजे एका कसबाची निशाणी आहे. शेवटचे नवे लिअरजेट मार्च २०२२ मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती पडले आणि ते उत्पादन थांबले. एक लिअरजेट २३ अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई संग्रहालयाने जतन केले आहे. बाकीची उडती राहिली तर ती अशा मालकांमुळेच. मात्र त्यातले जे टिकतात, ते एक पथ्य पाळतात. विमानाच्या किमतीएवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, तरच ते सौद्याला हात घालतात. घेण्याआधी स्वतःच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, मिस्त्रीकडून सगळे विमान उघडून तपासून घेतात. आणि सुटे भाग कुठे मिळतील, ते आधी विचारतात, मग किंमत.

शेतकरी बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी जेट विमान घेणार नाही. पण जुने यंत्र घ्यायची वेळ घरात येतेच. तेव्हा एका कागदावर दोन रकाने पाडावेत. एकात किंमत लिहावी, दुसऱ्यात वर्षाचे इंधन, विमा, दुरुस्ती आणि यंत्र वर्षातून खरोखर किती तास चालेल तो आकडा. दुसरा रकाना घरातल्या सगळ्यांनी, हिशेब ठेवणाऱ्या घरधनिणीनेही, वाचावा आणि मगच इसार द्यावा.