शोधनिबंध दाखल करण्यापूर्वी

व्यवस्थापनशास्त्रातील शोधनिबंध एखाद्या नियतकालिकाकडे रवाना करू इच्छिणाऱ्या नवोदितांनी प्रथम त्या नियतकालिकाची प्रकृती ओळखावी. कारण अमेरिकेतील अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट या एकाच संस्थेची, १९५८ साली निघालेले ‘जर्नल’ आणि १९७६ साली निघालेले ‘रिव्ह्यू’ ही दोन भावंडे, पहिल्याला प्रत्यक्ष पुराव्याचा आधार अनिवार्य व दुसऱ्याला निव्वळ सिद्धान्तच ग्राह्य, इतकी भिन्न आहेत की एकीकडे शोभणारा निबंध दुसरीकडे परीक्षकांपर्यंत न पोहोचता संपादकाच्या मेजावरूनच माघारी फिरतो.

परीक्षण उभयपक्षी गुप्त असते. म्हणून लेखकाचे नाव असलेले पृष्ठ निराळे जोडावे, ऋणनिर्देश वगळावा आणि स्वतःच्या पूर्वीच्या लेखनाचा उल्लेख त्रयस्थासारखा करावा. (फाइलच्या तपशिलात दडलेले नाव पुसण्याचे भल्याभल्यांना सुचत नाही!) एकच निबंध एकाच वेळी दोन दरबारी गुदरणे सर्वथा निषिद्ध.

दुरुस्तीसह पुन्हा सादर करण्याचा हुकूम आल्यास तो नकार मानू नये. परीक्षकांच्या आक्षेपांना द्यावयाचा जबाब हा, माझ्या मते, मूळ निबंधाइतक्याच कष्टाने सिद्ध करावयाचा दस्तऐवज होय: प्रत्येक आक्षेप उद्धृत करून त्याखाली केलेला फेरफार पृष्ठांकासह नमूद करावा, आणि जो आक्षेप मान्य नसेल तोही सप्रमाण, परंतु सौजन्याने, खोडून काढावा.