इन्शुलिनचे युनिट वाढतच चालले आहेत?

बाई आमच्या गावातल्या बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. वय ६२. मधुमेह जुना, आणि गेली तीन वर्षे इन्शुलिन चालू. सुरुवातीला सकाळी २० आणि संध्याकाळी १० युनिट पुरत होते. पुढे साखर आटोक्यात येईना म्हणून मी डोस वाढवत गेलो. दीड वर्षात तो सकाळी ४४ आणि संध्याकाळी ३० युनिटवर जाऊन पोचला. तरीही उपाशीपोटीची साखर २४० च्या खाली उतरेना.

मला शंका आली पथ्याची. एके दिवशी जरा चिडूनच विचारले, "बाई, खरे सांगा, चोरून गोड खाता ना?"

बाईंचे डोळे भरून आले. "डॉक्टर, नातवाच्या बारशाचा पेढासुद्धा मी तोंडात घातला नाही हो."

पुढच्या महिन्यात त्या पोट दुखते म्हणून आल्या. तपासायला टेबलावर झोपवले, तेव्हा बेंबीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या लिंबाएवढे उंचवटे हाताला लागले. रबरासारखे, न दुखणारे. "सुई रोज इथेच टोचता का?" असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "हो, तिथे टोचलेले कळतच नाही." दीड वर्ष मी रिपोर्टातले आकडे पाहत होतो. पोटाला हात मात्र एकदाही लावला नव्हता!

वाचकहो, इन्शुलिनमुळे शरीरात चरबी साठायला मदत होते. एकाच जागी रोज सुई टोचली, तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली, की तिथे चरबीची गाठ धरू शकते. त्या जागी टोचलेले फारसे दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडू लागते. पण गाठीतून इन्शुलिन रक्तात धड पोचत नाही. कधी थोडे पोचते, कधी उशिरा. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात, गाठ आणखी फुगते. असे हे दुष्टचक्र आहे.

माझी मोठी चूक तर पुढेच झाली. मी बाईंना जागा बदलायला सांगितली, पण डोस कमी करायला सांगितला नाही. त्याच रात्री अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. चांगल्या जागेतून ३० युनिट पुरते पोचले होते आणि साखर एकदम खाली आली होती. मुलाने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. गाठीची जागा सोडताना डोस आधी कमी करावा लागतो आणि काही दिवस साखर वरचेवर तपासावी लागते, हा धडा मी त्या रात्री शिकलो.

तेव्हा आपला डोस वाढत चालला असेल, तर या गोष्टी पाहा.

१. पोटावर आणि मांड्यांवर, जिथे जिथे टोचता तिथे, बोटांनी चाचपून पाहा. रोजची जागा आदल्या जागेपासून निदान बोटभर अंतरावर असावी. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा, परस्पर जागा बदलू नका.

२. सिरिंज तपासा. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा १ मिलीमध्ये ४० युनिटचे असते. त्याला लाल टोपणाची, ४० ची सिरिंज लागते. ते इन्शुलिन १०० च्या सिरिंजमध्ये ४० च्या खुणेपर्यंत भरले, तर पोटात जातात फक्त १६ युनिट! उलट १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने घेतले तर अडीचपट डोस जातो, आणि ते जिवावर बेतू शकते.

३. इन्शुलिन खराब झाले नाही ना? न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे. फ्रिज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या माठात ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी.

४. दुधाळ इन्शुलिन घेण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच घोळवावी. खाली साका राहिला तर डोस रोज वेगळा पडतो.

५. अंगात कुठे जंतुसंसर्ग आहे का? किडके दात, पायाची जखम, लघवीची जळजळ, रेंगाळलेला खोकला यांनी साखर वाढते. गुडघेदुखीवरच्या इंजेक्शनात किंवा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असेल तरीही वाढते. असे काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

एवढे सारे ठीक असूनही डोस वाढतच राहिला, तर तज्ज्ञाकडे जावे. क्वचित ग्रंथींचे विकारही मुळाशी असतात. अंगठी घट्ट होऊ लागणे, चपलेचा नंबर वाढणे, या खुणाही सांगाव्यात.

साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, नंतर काहीतरी खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. आणि हा लेख वाचून आपल्या मनाने डोस कमीजास्त करू नये, ही हात जोडून विनंती.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टाबरोबर बाटली आणि सिरिंजही न्या आणि टोचण्याच्या जागा दाखवा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी दाखवा.

बाईंना आज सकाळी २४ आणि संध्याकाळी १२ युनिट पुरतात. त्या पेढ्याच्या शंकेबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे.