बघून काढणं म्हणजे नक्कल की अभ्यास?



"बघून काढू नको, मनाने काढ," असं आपण मुलांना नेहमी सांगतो. पण अक्षर गिरवल्याशिवाय लिहिणं येत नाही, मग चित्रातच बघून काढणं चूक कसं?

प्रबोधनकाळात इटलीतले शिकाऊ चित्रकार गुरूंची चित्रं उतरवूनच शिकत. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या ग्रंथात तसाच सल्ला दिला आहे. क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी १८९९ मध्ये त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. पुढे १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे त्यांनी आपल्या अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवली. सोबत तरुण नंदलाल बोस आणि असितकुमार हालदारही होते.

त्याआधी १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांकडून हेच काम करून घेत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. पण उतरवताना हाताला लागलेलं वळण जळालं नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

म्हणजे शिकायचं असतं ते उतरवताना. पूर्ण झालेली प्रत त्यामानाने गौण!

अजिंठ्याच्या भिंतींना आधी धानाचं तूस व तंतू घातलेल्या मातीचा लेप, त्यावर चुना, मग रेखाटन आणि रंग. धानाच्या पट्ट्यातल्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तूस घालून मळलेली माती सांगावी लागत नाही!

वर्गात असं करून बघा :

१. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं छापील चित्र घ्या. पूर्ण नको, फक्त कमळ धरलेला हात.

२. चित्रावर आणि कागदावर सारखेच चौकोन आखा. एकेक चौकोन बघत उतरवायचं.

३. एका वेळी एकच प्रश्न विचारा. बोट कुठे वाकलंय? रेघ कुठे जाड, कुठे बारीक?

४. गेरू, पांढरी माती, कोळसा बारीक वाटून, गाळून डिंकाच्या पाण्यात कालवा. झाले रंग.

५. आता मूळ चित्र झाका. तसाच हात पुन्हा काढायला सांगा, पण त्यात मोहाचं फूल, पळसाचं पान, मुलाला आवडेल ते.

पाचवी पायरी गाळू नका. ती गाळली, तर नक्कलच उरते. आणि पहिल्या चित्राखाली 'अजिंठ्याच्या चित्रावरून' असं मुलांनी लिहायलाच हवं.

पालकहो, घरी चित्र दाखवलं की "हुबेहूब झालं का?" असं विचारू नका. "काढताना तुला काय नवीन दिसलं?" एवढंच विचारा. बहुतेक प्राथमिक शाळांत वेगळे चित्रकला शिक्षक नाहीत. पण बघायला शिकलेल्या मुलाला प्रत्येक चांगलं चित्र शिकवत राहतं.