डोंगरावरचे तळे, दरीतले गाव

डोंगरमाथ्यावर दोन मैल लांबीचे निळेशार तळे. काठाला टुमदार बंगले, सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबहाऊस, पाण्यावर शिडाच्या होड्या आणि गळ टाकून बसलेली सुखवस्तू मंडळी. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या धुरकट हवेला कंटाळलेल्या धनिकांनी उन्हाळा घालवण्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात असा स्वर्ग वसवला होता. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी बडी नावे सभासदांच्या यादीत होती.

या तळ्याला अडवून धरत होता केवळ एक मातीचा बांध. त्याची उंची ७२ फूट आणि लांबी ९३१ फूट. तिथून चौदा मैल खाली, सुमारे साडेचारशे फूट खोल दरीत पोलाद कारखान्याच्या कामगारांचे गाव होते जॉन्सटाउन. आसपासच्या वस्त्या धरून तिथे तीस हजार माणसे राहत होती.

धरण विकले गेले

हे धरण क्लबने बांधलेले नव्हते. कालव्याला उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून राज्य सरकारने १८३८ साली त्याचे काम सुरू केले आणि १८५३ साली ते पुरे झाले. तोवर आगगाडी आली होती आणि कालव्याची गरज संपत चालली होती. १८५७ साली धरण रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेले. १८६२ साली ते एका ठिकाणी फुटले, पण तळ्यात पाणी थोडे असल्याने फारसे नुकसान झाले नाही. पुढे १८७५ साली ते ज्याने विकत घेतले, त्याने तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले.

१८७९ साली बेंजामिन रफ या गृहस्थांनी ही जागा घेऊन मासेमारी व शिकारीचा क्लब काढला. पडलेले भगदाड माती, दगड, फांद्या आणि गवत घालून बुजवले गेले. तळाचे नळ मात्र पुन्हा बसवले नाहीत. बांधावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फुटांनी खाली आणला. तळ्यात सोडलेले महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या ठोकल्या.

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याच्या माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी भिंत काही काळ तग धरते. मातीचा भराव मात्र वरून पाणी चालू लागले की खरवडत जातो आणि पाहता पाहता त्याला घळ पडते. म्हणून जादा पाणी जायला मोकळा सांडवा हवा, गरज पडल्यास तळे उतरवायला तळाशी नळ हवेत आणि माथा पुरेसा उंच हवा. इथे तिन्ही गोष्टींना धक्का लागला होता.

इशारा मिळाला होता

जॉन्सटाउनच्या पोलाद कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना ही गोष्ट खटकली. १८८० साली त्यांनी जॉन फुल्टन या आपल्या जाणकार माणसाला धरण पाहायला पाठवले. तळे रिकामे करण्याची सोय नाही आणि जुन्या भगदाडाची दुरुस्ती कच्ची आहे, तिथून पाणी झिरपते, असे फुल्टन यांनी कळवले. खर्चात वाटा उचलण्याची तयारीही मॉरेल यांनी दाखवली. रफ यांनी ती नाकारली आणि तुम्हाला काही धोका नाही, असे उत्तर धाडले. पुढे १८८५ साली मॉरेल वारले, १८८७ साली रफही गेले. धरण तसेच राहिले.

एक शुक्रवार

३० मे १८८९ च्या रात्री मुसळधार पाऊस कोसळला. ३१ मेच्या सकाळी तळे भराभर चढू लागले. क्लबने मजुरांना कामाला लावले. कोणी बांधावर माती टाकत होते, कोणी बाजूला नवा चर खणत होते. जाळ्या काढण्याची धडपड झाली, पण ओंडके आणि पाल्याने त्या गच्च तुंबल्या होत्या. जॉन पार्क हा तरुण इंजिनियर घोड्यावर बसून तारेने इशारा पाठवायला पायथ्याच्या गावी दौडला. पण 'धरण फुटणार' ही आवई जॉन्सटाउनकरांनी दर पावसाळी ऐकलेली होती. फार थोड्यांनी ती मनावर घेतली.

दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीत सुटले. वाटेतली घरे, झाडे, रेल्वेची इंजिने कवेत घेत हा लोंढा ४ वाजून ७ मिनिटांनी जॉन्सटाउनवर आदळला. गावाच्या टोकाला असलेल्या दगडी पुलाशी सारा ढिगारा अडला आणि त्याला आग लागली. पुरातून वाचलेली कित्येक माणसे तिथे जळून मेली.

एकूण २,२०९ माणसे गेली. ९९ कुटुंबांत मागे दिवा लावायलाही कोणी उरले नाही. ७७७ मृतांची ओळख कधीच पटली नाही. क्लारा बार्टन अमेरिकन रेडक्रॉसची पथके घेऊन आल्या आणि पाच महिने तिथेच राहिल्या.

दोष कोणाचा?

क्लबवर दावे झाले, पण ही देवाची करणी ठरली. कोणालाही एक डॉलर भरपाई मिळाली नाही. काही सभासदांनी मदतनिधीला पैसे दिले. कार्नेगी यांनी गावाला नवे ग्रंथालय बांधून दिले. आज त्याच इमारतीत त्या पुराचे संग्रहालय आहे.

पाऊस देवाचा होता, यात शंका नाही. पण नळ माणसाने विकले होते, माथा माणसाने उतरवला होता आणि जाळ्याही माणसानेच ठोकल्या होत्या.

आपल्याला हे दुःख परके नाही. १९६१ साली पुरते तयार होण्याआधीच भरलेले पानशेत फुटले. १९७९ साली गुजरातेत मच्छू धरणाच्या मातीच्या बांधावरून पाणी वाहिले आणि मोरवी बुडाले. ठरावीक उंचीच्या धरणांची तपासणी आणि देखभाल मालकावर बंधनकारक करणारा धरण सुरक्षा कायदा आपल्याकडे २०२१ साली झाला.

साउथ फोर्कच्या डोंगरावर आज तळे नाही. बांधाचे दोन तुटके खांदे तेवढे उभे आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेतून एक लहानसा ओढा वाहतो. तो पाहून याच पाण्याने गाव बुडवले, हे खरे वाटत नाही.